ऑक्टोबरची दहावी

आमच्या खिडकीसमोर शाळा आहे आणि दहावीचं केंद्र दर वर्षी तिथेच पडतं. त्यामुळे मार्च आला हे मला कॅलेंडर सांगत नाही, फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या आया सांगतात. एकीच्या हातात पाण्याची बाटली, दुसरीच्या हातात सरबताची, तिसरीच्या हातात काहीच नसतं पण तिचे ओठ सारखे हलत असतात. मुलं बिचारी पॅड छातीशी धरून आत जातात आणि आत जाता जाता एकदा मागे वळून बघतात. मी चहाचा कप घेऊन हे सगळं बघत बसते. नवरा म्हणतो, "तुला काय एवढं कौतुक त्याचं? तू कुठे बसलीस मार्चच्या दहावीला?" लग्न झाल्यापासून हे एकच वाक्य तो दर मार्चला न चुकता म्हणतो. मीही त्याला म्हणू देते. मला त्याचं वाईट वाटत नाही, उलट कॉलर जरा ताठच होते.

खरंच नाही बसले मी. माझ्या वर्गातल्या मुली पुरवण्या मागत होत्या तेव्हा मी आशियातल्या देशांच्या ज्युनिअर मुलींच्या बास्केटबॉल स्पर्धेसाठी भारताच्या कॅम्पात धावत होते. हे वाक्य लिहिताना आजही हात जरा आखडतो. आपल्यासारख्या माणसांना एवढी मोठी वाक्यं स्वतःबद्दल लिहायची सवय नसते. पण आता लिहिलंय तर राहू दे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतली ती डोंबिवली. तिथे ऋतू दोनच, असं बाबा म्हणायचे: परीक्षेआधीचा आणि निकालानंतरचा. ज्या घरात दहावी, त्या घरातल्या टीव्हीवर दिवाळीनंतर जे टेबलक्लॉथ पडायचं ते एप्रिलमध्येच उठायचं. पाहुण्यांना "मेमध्ये या" असं तोंडावर सांगायची सोय होती आणि पाहुणेही रागवायचे नाहीत, कारण त्यांच्याही घरी कधी ना कधी दहावी असायचीच. आमच्या समोरच्या दारात गोखले काकू राहायच्या. त्यांचा प्रसादही माझ्याबरोबर दहावीला, शाळा मात्र दुसरी. त्या वर्षी काकूंनी सगळ्या मजल्यांवर फिरून सांगितलं होतं की कुकरच्या शिट्ट्या दुपारी तरी नका करू, मुलाची एकाग्रता मोडते. आणि गंमत म्हणजे कुणी हसलं नाही. दुपारभर अख्खी बिल्डिंग पातेल्यात डाळ शिजवत होती.

फेब्रुवारीची ती हवा मला अजून आठवते. बिल्डिंगच्या मागे म्हात्रे मावशींचं कौलारू घर. आमची बिल्डिंग त्यांच्याच जमिनीवर उभी राहिलेली. त्यांच्या आंब्याला मोहोर आला की जिन्यात वास यायचा, त्यात अंगणात वाळत घातलेल्या जवळ्याचा वास मिसळायचा, आणि वारा फिरला की दोन्हींच्या डोक्यावर कारखान्यांचा आंबूस वास येऊन बसायचा. त्या तिन्ही वासांत मी भूमितीची प्रमेयं पाठ केली. पाठ होत नव्हती, कारण सगळं लक्ष पाच वाजण्याकडे असायचं.

पाच वाजता मी ठाकुर्लीच्या मैदानावर जायचे. मैदान म्हणजे काय, रेल्वेच्या क्वार्टर्समागचा एक चौकोन. खड्डे बुजवायला त्यावर कधीतरी कोळशाची राख टाकून रोलर फिरवलेला. त्यामुळे पडलं की गुडघे लाल व्हायच्या आधी काळे व्हायचे. शिकवायला थॉमस सर. ते रेल्वेत नोकरीला, मूळचे केरळचे, पण इतकी वर्षं ठाकुर्लीत काढलेली की मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच वाक्यात नांदवायचे. मी तेव्हा बाबांपेक्षा वीतभर उंच झालेले आणि ती उंची कुठे लपवू असं मला व्हायचं. खांदे पाडून, मान घालून चालायचे. नातेवाईक आईला विचारायचे, "हिला मुलगा कुठून आणणार गं?" थॉमस सर एवढंच म्हणायचे, "मीना, हाईट गॉडने दिली. हात तू वर करायचा."

आमच्या रिंगला जाळी नव्हती. लावली की चार दिवसांत कुणीतरी सोडवून न्यायचं. जाळी नसली की मोठी पंचाईत होते. बॉल रिंगमधून गेला की रिंगच्या पुढून गेला, हे बाजूला उभ्या माणसाला कळतच नाही. सुरुवातीला रोज भांडणं. मग सरांनी नियम केला, की जिने बास्केट टाकली तिने त्याच क्षणी हात वर करून मोठ्यांदा "गेला!" म्हणून ओरडायचं. जी ओरडणार नाही तिचा पॉइंट धरायचा नाही. "आपली चीज आपण मागायची. नही मांगा तो नही मिलेगा," असं त्यांचं म्हणणं. खोटं कुणी ओरडत नव्हतं, तशी लाजच वाटायची. पण खरं ओरडायलाही मला पहिले कित्येक दिवस लाज वाटली. घरात, वर्गात, जिन्यात, कुठेच मोठ्यांदा बोलायची सवय नव्हती. माझे कितीतरी पॉइंट त्या राखेत बुडाले. मग एक दिवस ओरडले, आणि मैदानापलीकडच्या क्वार्टरमधली बाई खिडकीत आली इतक्या जोरात ओरडले. त्या दिवशी मी घरी ताठ मानेने चालत गेले, आणि मग तशीच चालायला लागले.

राज्याच्या संघातून खेळले, तिथे कुणीतरी पाहिलं, आणि फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी थॉमस सर आमच्या घरी आले. शर्ट घामाने ओला, चेहरा मात्र लग्नघरासारखा. बाबा मोहने गावातल्या कारखान्यातून नुकतेच आलेले, पेपर वाचत बसलेले.

"साहेब, मीनाचं नाव आलंय. इंडिया कॅम्प. पतियाळा."

"अरे वा! कधी?"

"मार्च."

बाबांनी पेपराची घडी घातली. "मार्चमध्ये दहावी आहे सर."

"हां. तेच तर."

"कॅम्पला गेली म्हणजे संघात आलीच?"

"नाय. कॅम्पला खूप मुली. जागा बारा. बाकीच्यांना परत पाठवणार."

"म्हणजे परीक्षाही गेली आणि संघही नाही, असं होऊ शकतं."

सरांनी खोटं सांगितलं असतं तर चाललं असतं. पण ते म्हणाले, "होऊ शकतं."

बाबांची भीती काय होती ते मला नीट माहीत होतं. त्यांच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढच्या शाळेची सोय होईपर्यंत ते वर्षभर घरी बसले. त्या एका वर्षाने धाकटा चुलतभाऊ पुढे गेला, कारखान्यात आधी चिकटला आणि कायम त्यांचा सीनिअर राहिला. एक वर्ष मागे पडलेला माणूस जन्मभर एक वर्ष मागेच चालतो, हे त्यांचं गणित होतं आणि ते त्यांनी स्वतःच्या अंगावर सोडवलेलं होतं. ऑक्टोबरला दहावी दिली तर अकरावीला पुढच्या जूनमध्येच जाता येणार, म्हणजे वर्ष जाणार ते जाणारच. म्हणून सर गेल्यावर ते म्हणाले, "ऑक्टोबरला नापास मुलं बसतात."

आई कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "मग ही पण बसेल त्यांच्यात. चावतात का ती?"

"अगं, वर्ष जातं."

"दहावी वर्षातून दोनदा येते. हे बोलावणं दोनदा येणारे का?"

मी दारामागे उभी. मला जायचं होतं, फार जायचं होतं. पण बाबांसमोर तोंडातून शब्द निघेना. मैदानात ओरडणं वेगळं आणि घरात मागणं वेगळं. तेवढ्यात म्हात्रे मावशी वाटीभर जवळा घेऊन आल्या. त्यांना आईने सगळं सांगितलं. त्या पदर खोचत म्हणाल्या, "जाव दे गो तिला. शाला काय पलून नाय जात." बाबांनी घडी घातलेला पेपर पुन्हा उघडला.

दोन-चार दिवस घरात तोच विषय, आणि तोच कुणी काढायचा नाही. मग एका सकाळी बाबा रात्रपाळी करून आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "पतियाळ्याला मार्चमध्ये थंडी असते का गं?" आईने माझ्याकडे बघितलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. बाबांची अट एकच होती. आधी बारा जणींत येऊ दे, तोवर आणखी कुणाला सांगायचं नाही.

आणि नेमका निघायचा दिवस म्हणजे मराठीचा पेपर. सकाळी प्रत्येक दारात दही-साखर चाललेली. आईनेही माझ्या तळहातावर दही ठेवलं. मी मोठी बॅग घेऊन बाहेर आले तर समोरून काकू आणि प्रसाद. काकूंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "मीना, पेपर आधी पूर्ण वाचून घे हं. घाई नको." मग त्यांची नजर बॅगेवर गेली. "अगं, केवढी बॅग!"

"लांबचं केंद्र आलंय हिला," आई म्हणाली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

त्या जिन्यात आमच्या मागे बाबा होते. स्टेशनपर्यंत तिघंही हसू दाबत चाललो. बाबा त्या महिन्यात पहिल्यांदा हसले.

कॅम्पाबद्दल काय सांगू! पहाटे थंडी, दुपारी ऊन, रोज कुणाची तरी बॅग भरली जायची आणि कुणीतरी गळ्यात पडून रडायचं. मला वाटायचं, आज माझी. इकडे प्रसादचा गणिताचा पेपर असेल, आता भूमितीचा असेल, असा हिशेब मनात चालायचा. ज्या दिवशी शेवटी नावं वाचली, तेव्हा माझं नाव सगळ्यांत शेवटी आलं. अकरावं नाव वाचून झाल्यावर वाचणाऱ्या बाईंना खोकला आला. त्या पाणी प्यायल्या. तेवढ्या वेळात मी वर्ष, बाबा, ऑक्टोबर, डोंबिवली, सगळं डोळ्यांपुढे बघून घेतलं. मग त्यांनी बारावं नाव वाचलं.

स्पर्धा परदेशात होती. लाकडी फरशीचा हॉल इतका चकचकीत की बूट घालून आत जायला संकोच वाटत होता. उद्घाटनाला सगळ्या देशांच्या मुली रांगेत उभ्या. राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा मी जर्सीवरच्या अक्षरांवर हळूच बोट फिरवून पाहिलं. अक्षरं शिवलेली होती, खरी होती. शाळेत राष्ट्रगीत म्हणजे सकाळची प्रार्थना आणि त्यात मागच्या मुलीचं खुसखुसणं. इथे ते आमच्यासाठी वाजत होतं. मला फार अभिमान वाटला, आणि हे सांगायला आणखी वेगळे शब्द शोधायची गरज मला वाटत नाही.

आम्ही काही जिंकून आलो नाही. चीन आणि कोरियाच्या मुलींनी आमचं जे केलं त्याला मार खाणं म्हणतात. चीनच्या सामन्यात आम्ही इतक्या मागे पडलो की मला आत पाठवायला हरकत नाही असं ठरलं. मी उतरले, समोर त्यांची सेंटर. आयुष्यात पहिल्यांदा मी एका मुलीकडे मान वर करून बघितलं. ती माझ्याकडे बघून गोड हसली. दोनदा तिने माझ्या हातातून बॉल काढून घेतला, अगदी आपण लहान मुलाच्या हातातून कात्री घेतो तसा. तिसऱ्यांदा मी पाठ तिच्याकडे केली, डावीकडे जातेय असं दाखवलं, उजवीकडे वळले आणि बॉल वर सोडला. बोर्डाला लागून तो रिंगमध्ये पडला.

आणि मी हात वर केला, रेफरीकडे बघितलं आणि सगळ्या ताकदीनिशी ओरडले, "गेला!"

तिथे रिंगला पांढरीशुभ्र जाळी होती. बॉल जाळीतून खाली येताना हॉलमधल्या प्रत्येकाने पाहिला होता. दिव्यांच्या मोठ्या फळ्यावर आकडाही बदलला होता. रेफरी माझ्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं मी काही तक्रार करतेय. त्याने फळ्याकडे बोट दाखवलं, जणू म्हणत होता, मिळाले बाई तुझे पॉइंट, शांत हो. आमची कॅप्टन हरजीत धावत आली.

"क्या बोली तू?"

"गेला."

"मतलब?"

"मतलब, गया. अंदर गया."

"वो तो सबने देखा, पगली!"

"हमारे यहाँ बोलना पडता है. नहीं तो पॉइंट नहीं मिलता."

तिला ते इतकं आवडलं की पुढच्या बास्केटला तीच हात वर करून ओरडली. मग बाकावरच्या मुली. सामना आम्ही हरलो तो हरलोच, पण शेवटच्या काही मिनिटांत प्रत्येक बास्केटला बाक उठून उभा राहत होता. नंतर एका लहानशा देशाशी आम्ही जिंकलो, त्या दिवशी तर पंजाबच्या, केरळच्या, बंगालच्या मुली एका सुरात "गेला!" म्हणत होत्या. ठाकुर्लीच्या राखेतला शब्द भारताचा संघ ओरडत होता. थॉमस सरांना हे परत आल्यावर सांगितलं, तर ते चष्मा काढून शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसत बसले.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. निकालाच्या दिवशी आमच्याकडे एक पद्धत होती. ज्या घरून पेढे आले नाहीत त्या दारावरून जाताना माणसं आवाज खाली आणायची. मी खेळून आले होते हे एव्हाना बिल्डिंगला माहीत होतं, पण खेळायला गेलेली मुलगी परीक्षेलाच बसली नाही, हे डोंबिवलीच्या डोक्यात शिरणं अवघड होतं. तिथे दहावीचं मूल एक तर पास होतं नाही तर नापास, तिसरी जात माहीतच नव्हती. मी निकाल आणायला शाळेत गेले नाही म्हणजे काय ते सगळ्यांनी ओळखलं. प्रसादला भरघोस मार्क पडलेले, तरी काकू स्वतःचा आनंद बाजूला ठेवून आमच्याकडे आल्या आणि आईचा हात हातात घेऊन बसल्या.

"होतं हो असं. मनाला लावून घेऊ नका. माझ्या भाच्याचं पण झालेलं. खेळाच्या नादात राहून जातं मुलांचं."

आईने सगळं ऐकून घेतलं. आत गेली आणि पेढ्यांची ताटली घेऊन बाहेर आली.

"हे कसले?" काकू गोंधळल्या.

"मीनाचे. देशाकडून खेळली ना."

"अहो, पण दहावी?"

"ती काय, करेल की. पेढा घ्या."

मग आई ताटली घेऊन सगळे मजले चढली. जिन्यात दोन्ही घरांचे पेढे समोरासमोर फिरत होते. संध्याकाळी काकूंनी मला हाक मारून बोलावलं. शेजारी शेजारी दोन पाट मांडले होते. एकावर प्रसाद, एकावर मी. काकूंनी दोघांना एकाच तबकाने ओवाळलं. माझ्या कपाळाला कुंकू लावताना समोर बसलेल्या काकूंना गुडघ्यांवर उंच व्हावं लागलं. मी पाटावर बसलेली असूनही! तेव्हा आम्ही सगळेच खूप हसलो.

त्या वर्षाचं पुढे काय झालं असं लोक विचारतील. काही झालं नाही. मी एक वर्ष उशिरा अकरावीला गेले, उशिरा बारावी, उशिरा पदवी, पुढे रेल्वेत लागले. माझ्या दहावीचं नेमकं वर्ष आज कुणी विचारतही नाही. फाटकाबाहेरच्या या आयांकडे बघताना कधी कधी वाटतं, खाली जाऊन एखादीच्या खांद्यावर हात ठेवून सांगावं की बाई, दहावी पुन्हा येते. पण मी जात नाही. परीक्षेच्या दिवशी असलं ज्ञान कुणाला नको असतं.

मात्र त्या जूनमध्ये बाबांनी पेढा घेतला नव्हता. "ऑक्टोबर होऊ दे," एवढंच म्हणाले होते. माझ्या खेळाबद्दल ते घरातही फारसं बोलले नाहीत. आनंद झालाय की वर्षाची टोचणी आहे, ते मला कळेना. विचारायची हिंमतही होईना.

ऑक्टोबरमध्ये माझं केंद्र कल्याणला आलं. उकाडा असा की सकाळीच पाठ भिजलेली. आईने हट्ट धरला, इंडियाचा ब्लेझर घालून जा. मी म्हटलं, "आई, वेड लागलंय का? घामाने पेपर भिजेल." त्यावर वाद सुरू झाला, तर बाबांनी मधे न बोलता ब्लेझर खुंटीवरून काढला, हातावर टाकला आणि चपला घातल्या.

फाटकाबाहेर गर्दी होती. मिशा फुटलेले बाप्ये, मंगळसूत्र घातलेली एक मुलगी, कुणी तिसऱ्यांदा बसणारं, कुणी पाचव्यांदा. सगळे एकमेकांना ओळखत होते. माझ्या शेजारी बाबा ताठ उभे होते. ब्लेझरची घडी त्यांनी अशी घातली होती की खिशावरचं चिन्ह बाहेरच्या बाजूला राहील. गर्दीत धक्का लागून घडी फिरली की ते पुन्हा नीट करत होते. बाजूच्या एका गृहस्थांनी सहज विचारलं. तिथे हा प्रश्न गाव विचारल्यासारखाच होता.

"मुलगी का तुमची? कितव्यांदा?"

"पहिल्यांदाच," बाबा म्हणाले.

"पहिल्यांदा? मग मार्चला का नाही बसवली? आजारी-बिजारी होती?"

मी मान खाली घातली. मला बाबा माहीत होते. चारचौघांत ते कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नसत. आत्ता ते "हो" म्हणतील आणि विषय संपवतील, असं मला वाटलं.

बाबांनी ब्लेझर एका हातावरून दुसऱ्या हातावर घेतला.

"छे हो," ते म्हणाले, आणि फाटकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मार्चमध्ये तिला सवड नव्हती. देशाचं काम होतं."